स्वरलिपी : खिळ्यांची आणि अक्षरांची



गाणे कागदावर उतरविण्याची खटपट वडोदरे नगरीला नवी नाही. मौलाबक्ष यांनी येथे १८८६ मध्ये संगीतशाळा काढली आणि आपली स्वरलेखनपद्धती शिकविली. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही येथेच, आणि तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची प्रेरणा होती.

भातखंड्यांची स्वरलिपी ही मुळात अक्षरांचीच लिपी. अक्षराखाली बिंदू असला की मंद्र, वर असला की तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. गीतातील अक्षर लांबवायचे तर अवग्रह. घराण्यांतून तोंडी चालत आलेल्या बंदिशी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत आल्या त्या एवढ्याच खुणांच्या बळावर.

या खुणांनी खिळे जुळविणाऱ्यांची मात्र कसोटी पाहिली. यमनातल्या मध्यमावरची रेघ उमटली नाही, तर कागदावर बिलावलाचे स्वर उरतात! कवितेतला मुद्रणदोष वाचक मनातल्या मनात सुधारून घेतो. गुरूवाचून पुस्तकावर विसंबलेला विद्यार्थी काय सुधारणार?

युरोपातही हे संकट होतेच. १५०१ मध्ये व्हेनिसला पेत्रुच्चीने बहुस्वरी संगीताचे पहिले मुद्रित पुस्तक काढले, तेव्हा रेघा आणि स्वर निरनिराळ्या छाप्यांत उमटवावे लागत. पुढे पॅरिसच्या आतेन्याँने प्रत्येक खिळ्यावर स्वरासोबत रेघांचा तुकडाही घेतला. काम एका छाप्यात होऊ लागले, पण रेघा तुटक दिसू लागल्या. अखेर धातूच्या पत्र्यावर उलट्या आकृती कोरणारे कारागीर आले. दोन स्वरांत किती जागा सोडावी, हे ते नजरेने ठरवीत. वाजविणाऱ्याचा डोळा कोठे अडखळू नये, एवढेच त्यांचे शास्त्र.

ती नजर संगणकाला शिकविण्याचा प्रयत्न हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोन डच वादकांनी १९९६ मध्ये आरंभिला. त्यांच्या आज्ञावलीचे नाव लिलिपाँड. संगणकावर छापलेली पाने त्यांना निर्जीव वाटत. म्हणून त्यांनी हाताने कोरलेली जुनी पाने, विशेषतः बाखच्या चेलोवादनाच्या रचनांची १९५० ची बेरेनरायटर आवृत्ती, समोर ठेवून रेघांची जाडी आणि स्वरांमधील अंतरे अभ्यासिली.

येथे पडद्यावर स्वर रेखाटावयाचे नसतात, लिहावयाचे असतात. अक्षर हे स्वराचे नाव. पुढे वरचा स्वल्पविराम दिला की स्वर एक सप्तक चढतो, साधा दिला की उतरतो. चारचा अंक म्हणजे पूर्ण स्वराचा चौथा हिस्सा. शब्दातील अक्षर लांबविण्यासाठीही खूण आहे. भातखंड्यांचा बिंदू आणि अवग्रह ओळखणाऱ्याला यात परके काय वाटावे? मांडणी आज्ञावली करते. लिहिणाऱ्याने संगीत अचूक सांगावे.

लिलिपाँड पाश्चात्त्य पाच रेघांसाठी आहे. आपल्या बंदिशी त्यात जशाच्या तशा बसणार नाहीत, आणि बसवाव्यात असेही नाही. घेण्याजोगे आहे ते तत्त्व. जीर्ण पुस्तकाचे छायाचित्र घेतले की पान वाचते, पण चुकलेला बिंदूही तसाच वाचतो. तीच बंदिश अक्षरांत उतरविली, तर दोन प्रती ताडून पाहता येतात, दुरुस्ती करता येते, एखादी स्वरावली शोधता येते. ऋग्वेदाच्या स्वरांकनासाठी अक्षराखालची आडवी आणि वरची उभी रेघ संगणकाच्या युनिकोड या वर्णसंचात आधीच आहे. कोमल-तीव्रासाठी तोच आकार उपयोगी पडतो.

अर्थात मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. दरबारीचा गांधार तर कोणत्याच खुणेत सापडत नाही. तेथे कान हवा. म्हणून हे काम नुसत्या टंकलेखकाचे नव्हे. शेजारी गाणारा बसला पाहिजे.

आणि सुरुवात करावयाची ती कोऱ्या करकरीत प्रतींपासून नव्हे. ज्यांच्या समासात एखाद्या जुन्या वाचकाने पेन्सिलीने स्वर दुरुस्त केले असतील, त्या प्रती आधी घ्याव्यात; बांधणीला गेल्या की कडा कापताना ते समास निघून जातात.