चाकाचा फेरा आणि झेंड्याचे चक्र



आज आपण कोन शिकू. कोन म्हणजे दोन रेघांचा कोपरा, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण वळणाचे मापही कोनानेच करतात.

जात्याचा खुंटा धरून फिरवा. खुंटा पहिल्या जागी आला, की एक फेरा पुरा झाला. ह्या फेऱ्याचे ३६० सारखे भाग मानतात. एका भागाला अंश म्हणतात. अर्धा फेरा म्हणजे १८० अंश. पाव फेरा म्हणजे ९० अंश, हाच काटकोन.

आता बैलगाडीचे चाक घ्या. त्याला सारख्या अंतरावर बारा आरे आहेत असे धरा. दोन आऱ्यांमधला कोन किती? ३६० भागिले १२, म्हणजे ३० अंश. चाक ३० अंश फिरले, की प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी येतो. चाक होते तसेच दिसते! ते फिरले हे कळायला एका आऱ्यावर खडूची खूण करावी लागेल. फिरवूनही जसेच्या तसे दिसण्याच्या ह्या गुणाला सममिती म्हणतात. जात्याला खुंटा एकच, म्हणून पुरा फेरा झाल्यावरच ते पहिल्यासारखे दिसते.

आपल्या राष्ट्रध्वजावरच्या अशोकचक्राला २४ आरे आहेत. ३६० भागिले २४, म्हणजे १५. दर १५ अंशांना चक्र पुन्हा तसेच दिसते. एका फेऱ्यात असे २४ वेळा होते.

पूर्वीच्या तिरंग्यावर चरखा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबारात तिरंग्याच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी हुतात्मा झाले. त्या काळच्या चरख्याला एका अंगाला चाक आणि दुसऱ्या अंगाला चाती असे. झेंडा मागून पाहिला, की त्यांची अदलाबदल होई. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत नव्या ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी ही अडचण सांगितली. चक्र मात्र पुढून पाहा, मागून पाहा, सारखेच दिसते.

पण इथेच फसगत होते बरं का! चक्र अर्धा फेरा फिरवले तरी तेच राहते. सबंध झेंडा अर्धा फेरा फिरवला, तर केशरी पट्टा खाली जातो आणि हिरवा वर येतो. झेंडा उलटा झाला! तसा तो मुद्दाम लावणे हा गुन्हा आहे. नजरचुकीने लागला, तरी सगळ्या गावाला वाईट वाटते. चक्राकडे पाहून ही चूक कळायची नाही. म्हणून १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला झेंडा बांधण्याचे काम तुमच्याकडे आले, तर चक्राच्या भरवशावर राहू नका. केशरी पट्टा वर आहे ना, हे आधी पाहा. मगच दोरी ओढा.

जाता जाता एक हिशेब. मुलांच्या भिरभिऱ्याला सारखी चार पाती आहेत. ते किती अंश फिरले, की पुन्हा तसेच दिसेल? उद्या पाटीवर लिहून आणा.