टोंगळा बदलताना धातूचा विचार
(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत झालेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण हौसेने वरचे मजले घेतले. आता जिना चढताना टोंगळे हिशेब मागतात. अमरावती असो की अकोला, ओळखीत कोणीतरी गुडघा बदलून आलेले असतेच. मग हमखास प्रश्न येतो, "मले त खोट्या कानातल्यानंई खाज सुटते, मंग हे लोखंड अंगात कसं चालन?"

प्रश्न रास्त आहे. खोट्या दागिन्यांत बरेचदा निकेल असते. घामाने ते सुटते आणि कातडीवर पुरळ उठते. कृत्रिम गुडघ्याचा मांडीकडचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो आणि त्यात निकेलचाही थोडा अंश असतो. पण कातडीला जे सोसत नाही ते सांध्याला सोसणारच नाही, असे नाही. अशी खाज असणाऱ्या बहुतेकांचे नवे गुडघे छान चालतात. म्हणून भिऊन ऑपरेशन टाळू नका, पण डॉक्टरांना आधी सांगा. त्रास जास्त असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर धातूंच्या पट्ट्या दोन दिवस लावून तपासतात. गरज पडल्यास टायटॅनियमचे किंवा वरून सिरॅमिकसारखा थर असलेले सांधे मिळतात.

ऑपरेशननंतर दुखणे, सूज राहिली तर लगेच "ॲलर्जी असेल" म्हणून मोकळे होऊ नका. जंतुसंसर्ग झाला का, सांधा सैल आहे का, नीट बसला आहे का, हे आधी पाहायचे. ताप आला, जखमेतून पाणी आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ॲलर्जीचा नंबर सगळ्यात शेवटी.

धातूचा मोठा फटका बसला तो खुब्याच्या सांध्यात. डीपाय कंपनीच्या 'एएसआर' खुब्यात वाटीही धातूची आणि गोळाही धातूचा. दोन्ही घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटत, रक्तात जात, आजूबाजूचे मांस खराब करत. ही दागिन्यांची खाज नव्हती, दोष सांध्याच्या घडणीतच होता. ऑगस्ट २०१० मध्ये ते जगभरातून परत मागवले. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने भरपाईचे सूत्र ठरवले, तेव्हा ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता! आपल्या अंगात कोणता सांधा आहे, हे घरच्यांना ठाऊक नसेल तर पुढे दाद कशाच्या जोरावर मागणार?

तेव्हा एवढे कराच. सांध्याच्या खोक्यावर कंपनी, प्रकार आणि नंबर लिहिलेले स्टिकर असते. डिस्चार्जच्या वेळी त्याची प्रत मागा, मोबाइलवर फोटो काढा, मुला-सुनांना पाठवा. या संस्थेचे शेअर सर्टिफिकेट आपण पंचवीस वर्षे कपाटात जपले आहे. तो कागदही त्याच फाइलीत ठेवा.