कंबरेला बांधलेला माग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवीच्या पुढे शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने इथे उभे राहायचे, म्हणजे पाय कापणारच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या पुतणीने आणलेल्या त्या कापडाविषयी दोन शब्द बोला.” ते कापड मी बरोबर आणले आहे. भाषण संपले की सगळ्यांनी हाताळून पाहा. मात्र हळदीकुंकवाची बोटे आधी पुसून घ्या!

गेल्या दिवाळीला पुतणी अमेरिकेहून आली, तेव्हा तिने टेबलावर अंथरायचा हा पट्टा मला दिला. किंमत ऐकून मी म्हटले, “अगं, एवढ्या पैशांत इथे चार चादरी आल्या असत्या!” ती म्हणाली, “काकू, हे यंत्रावर निघालेले नाही. ग्वाटेमाला देशातल्या एका बाईने कंबरेला माग बांधून विणले आहे.”

आता आपण पडलो इचलकरंजीच्या बायका. मागाच्या खडखडाटात आपली पोरे पाळण्यात झोपली. लग्नाआधी मीही कांड्या भरल्या आहेत. पण कंबरेला माग? मला काही खरे वाटेना. मग पुतणीकडून एकेक गोष्ट विचारून घेतली, तीच तुम्हांला सांगते.

ग्वाटेमाला हा देश मेक्सिकोच्या दक्षिणेला आहे. तिथल्या मूळच्या लोकांना माया म्हणतात. नाव ऐकून मला हसू आले, कारण आपल्याकडे माया म्हणजे जीव लावणे. त्यांचा माग म्हणजे काही काठ्या आणि एक पट्टा. उभ्या धाग्यांचे एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचे. दुसरे टोक आपल्या कंबरेमागच्या पट्ट्याला. चटईवर गुडघे टेकून बसायचे. मागे रेलले की सूत ताणले जाते, पुढे वाकले की सैल पडते. म्हणजे बाई उठली की माग मोडला! तीच मागाचा अर्धा भाग. आपल्या देशात नागालँड-मणिपूरकडच्या बायकाही अशाच तऱ्हेच्या मागावर विणतात, हेही मला तेव्हाच कळले.

दोन्ही हात पोहोचतील तेवढाच पन्हा निघतो. म्हणून त्यांचा झगा, त्याला त्या ‘हुइपिल’ म्हणतात, दोन-तीन पट्ट्या जोडून करतात. नक्षी नंतर भरलेली नसते. विणतानाच एकेक रंगीत धागा बोटांनी घालायचा. चांगल्या हुइपिलला महिनेच्या महिने लागतात. सैपाक, पाणी, लेकरे सांभाळून हे चालते. मुली आईजवळ बसून शिकतात. पुस्तक नाही, कागद नाही, सगळे हिशेब डोक्यात! गावागावाची नक्षी निराळी, त्यामुळे अंगावरच्या कापडावरून बाई कुठली ते ओळखू येते.

आणि हीच ओळख एकदा त्यांच्या जिवावर उठली. ग्वाटेमालात 1960 पासून 1996 पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, घरातल्या घरात युद्ध चालले. 2 लाखांवर माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि त्यांत बहुतेक माया होती. कित्येक गावे बेचिराख झाली. लपूनछपून राहायचे तर आपला पोशाख अंगावर घालण्याचीही चोरी झाली. त्याच लोकांतल्या रिगोबेर्ता मेंचू या बाईंनी ही हकीकत जगाला सांगितली. 1992 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरचा पुरुष गेला, शेत गेले. मागे राहिली बाई, तिची लेकरे आणि तिचा माग. अशा बायकांनी काय केले असेल? 1988 साली, युद्ध चालू असतानाच, केत्साल्तेनांगो या शहरात त्यांनी आपली संस्था काढली. नाव ठेवले ‘त्रामा’. स्पॅनिश भाषेत त्रामा म्हणजे आडवा धागा. पाच भागांतले सतरा गट आणि सुमारे 400 विणकर बायका त्यात एकत्र आल्या. मालक दुसरा कोणी नाही, त्या स्वतःच. मेक्सिकोच्या चियापास भागातल्या माया बायकांनीही अशाच संस्था उभ्या केल्या.

एकत्र येण्याची गरज का पडली, ते ऐका. एकटी बाई बाजारात कापड घेऊन बसली की प्रवासी घासाघीस करतो. संध्याकाळी घरी मीठ-मका न्यायचा असतो, म्हणून ती मिळेल त्या भावाला देते. मध्यस्थ तेच कापड दूरच्या दुकानात दामदुपटीने विकतो. वर कारखानदार तिची नक्षी उचलून यंत्रावर छापतात, तेव्हा तिला विचारतसुद्धा नाहीत. याविरुद्ध तिथल्या विणकर बायका 2016 साली देशाच्या घटना-न्यायालयात गेल्या. आमच्या आज्यांची नक्षी ही आमच्या गावांची ठेव आहे, असे त्यांचे म्हणणे.

यावर उपाय म्हणून जगात एक चाल पडली आहे, तिला न्याय्य व्यापार म्हणतात. त्यात भाव ठरवताना करणाऱ्या बाईला विचारायचे. तिने मागितले तर निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, म्हणजे सुतासाठी तिला सावकाराकडे जावे लागत नाही. आणि एकदा घेऊन मोकळे व्हायचे नाही, वर्षानुवर्षे घेत राहायचे. 2020 साली करोनात प्रवासी येईनासे झाले, तेव्हा बाजारावर जगणाऱ्यांचे काय झाले असेल ते आपल्याला सांगायला नको. अशा वेळी जो सोबत राहतो, तोच खरा गिऱ्हाईक.

आता थोडे माझ्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून साड्या आणून फॉल लावून देत असे. रात्री दोन-दोन वाजत. दर वाढवा म्हटले, तर तो म्हणाला, “बाई, घरबसल्या फावल्या वेळात करता, त्याला मजुरी कसली?” ते मला फार लागले. पण बायांनो, त्याच वर्षी दारावर गोधडीवाली आली होती. तिने सांगितलेल्या किमतीचा तिसरा हिस्सा मी तोडला आणि शेजारणींना फुशारकीने सांगितले. तिचे टाके मी मोजले नाहीत. माझे टाके कोणी मोजत नाही म्हणून मात्र रडले. पुतणीने दिलेले हे कापड हातात घेतले, तेव्हा मला ती गोधडीवाली आठवली. आता तिची गाठ पडत नाही.

म्हणून आज एक सूचना मांडते. रागावू नका. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या विक्रीला बायका गोधड्या, पिशव्या, परकर करून देतात. माल खपल्यावर पैसे, असा आपला रिवाज. गेल्या वर्षी दोघींना दिवाळीचे पैसे संक्रांतीला मिळाले. त्या काही बोलल्या नाहीत, पण कापड त्यांनी उसने आणले होते, हे मला ठाऊक आहे. यंदापासून करणारीला निम्मे पैसे आधी द्यावेत. प्रत्येक वस्तूला किती तास लागले ते वहीत लिहावे आणि भाव तिच्यासमक्ष ठरवावा. भाव थोडा चढेल, दोन गिऱ्हाइके कमी येतील. येऊ देत. वही लिहायचे काम मी करते. सातवी झालेल्या बाईला तेवढे जमेल.

त्या दूरदेशीच्या बायका आपल्याला कधी भेटणार नाहीत. त्यांचे कापडही आपल्या बेताच्या मिळकतीत रोज घेणे होणार नाही. पण त्यांनी जो हिशेब जगाकडे मागितला, तो आपण आपल्या गल्लीत तरी चुकता करू.

चुकले-माकले पोटात घाला. आता बोटे पुसा आणि या, कापड बघायला!