पत्त्याच्या रकान्यात काय लिहावे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा महिना होता, बाहेर पावसाची झड लागली होती आणि नवी मुंबईतल्या एका शाळेच्या कचेरीत मी कामानिमित्त बसलो होतो. एवढ्यात एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव घालायचे होते.

"राहता कुठं, बाई?" कारकुनाने विचारले.

"पुलाखाली, साहेब."

"कुठल्या पुलाखाली?"

"आता ह्या. काम सरलं की मुकादम नेईल तिकडं."

कारकून वाईट माणूस नव्हता. पण त्याच्यापुढच्या कागदावर पत्त्याचा रकाना होता, जन्मदाखल्याचा होता, आधार क्रमांकाचाही होता. आणि बाईजवळ यांतले काहीच नव्हते. "कागद घेऊन या," तो म्हणाला. मायलेकी निघून गेल्या. मी गप्प बसलो, कारण त्या वेळी मलाही वाटले की कागदाशिवाय कसे होणार?

पुढे कायदा वाचला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा हा कायदा २००९ सालचा, आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी तो आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत घेण्याचे नाकारता येणार नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते. तीही नसेल तर आईबापांनी लिहून दिलेले वय चालते. जून टळून गेला तरी दार बंद करता येत नाही. नऊ वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर त्याला लहानग्यांबरोबर पहिलीत न बसवता त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेले वेगळे शिकवून भरून काढायचे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेत दाखल होतील हे पाहणे स्थानिक संस्थेचे, म्हणजे इथे महानगरपालिकेचे, कर्तव्य आहे. आधारचे म्हणाल, तर शाळाप्रवेशासाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले आहे.

मग कारकून अडला कुठे? आपल्या राज्यात शिक्षकांची पदे पटावरून ठरतात आणि तो पट मोजताना आधारची पडताळणी झालेली मुले धरण्याची पद्धत आली. म्हणजे न्यायालय म्हणते मूल घ्या, आणि हिशेबाची वही म्हणते मोजणार नाही. अशा वेळी मुख्याध्यापक बिचकतात, यात नवल नाही. पण या ओढाताणीत बाहेर राहते ते मूल.

आणि ही मुले कोणाची? १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हापासून हे शहर बांधले जात आहे. वाशी झाली, नेरूळ झाले, खारघर झाले. ज्यांनी विटा वाहिल्या त्यांच्या झोपड्या इमारत उभी राहताच उठल्या. जनगणनेत बेघर कोणाला म्हणायचे, याची व्याख्या आहे : उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, आणि हो, सिमेंटच्या मोठ्या नळांत राहणारे. २०११ साली देशात अशी सुमारे १७ लाख ७० हजार माणसे मोजली गेली. मोजणारा येण्याआधीच ज्यांचा मुक्काम हलला ते वेगळेच.

काही लोकांनी शाळाच मुलांपाशी नेली. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर पाळणाघर काढले. तेच काम पुढे मुंबईकडेही आले. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी कंटेनरांत शाळा भरू लागली. तशी सिग्नल शाळा नवी मुंबईतही निघाली. ज्यांनी हे केले त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

पण मला घोर लागतो तो पुढचा. नाव लागले, मूल रुळले, बाराखडी गिरवू लागले. आणि दिवाळीनंतर एका रात्री मुकादमाचा टेंपो आला. सकाळी बाई हजेरी घेतात, उत्तर येत नाही. अमेरिकेत १९८७ सालापासून बेघर मुलांच्या शिक्षणासाठी कायदा आहे. घर सुटले तरी जुनी शाळा सुटू नये म्हणून तिथे मुलाच्या जाण्यायेण्याची सोय करावी लागते, आणि अशा मुलांची चौकशी करणारा एक माणूस नेमावा लागतो. आपल्याकडचे मूल पनवेलहून थेट पुण्याला जाते, त्याला जुनी शाळा कशी पुरणार? त्याच्यासाठी आपल्या कायद्यात शाळा बदलण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला तरी नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. राज्यात शिक्षण हमी कार्डही आहे. मूल जाताना जुन्या शाळेने ते द्यायचे, नव्या शाळेने ते पाहून वर्गात बसवायचे. पण मूल जाणार हे शाळेला कळले तर ना!

आणि ते कोणाला आधी कळते? ठेकेदाराला, साइटवरच्या इंजिनीअरला, नव्या सोसायटीत घराची किल्ली घ्यायला आलेल्या तुम्हा-आम्हाला. काम कधी संपणार याची तारीख आपल्यापाशी असते. ती आठ दिवस आधी जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा. तोंडी सांगितले तरी चालेल. आठ दिवसांत कार्ड लिहून होते.