एका भाषेतला हिशेब दुसऱ्या भाषेत
(पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



"मुलाला संगणकाची कोणती भाषा शिकवावी?" असे पालक मला हमखास विचारतात. म्हणून एका भाषेतला प्रोग्राम दुसरीत नेताना काय घडते, ते आज सांगतो.

फोरट्रान ही भाषा १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. हवामानाची, पुलांची, विमानांची गणिते तिच्यात लिहिली गेली. त्यांतली पुष्कळशी आजही चालू आहेत. नव्या मुलांना मात्र पायथन येते. मग जुने प्रोग्राम नव्या भाषेत आणावे लागतात आणि शब्दाला शब्द ठेवला की काम झाले, असे वाटते. फोरट्रानमध्ये ७ या पूर्णांकाला २ ने भागा, उत्तर ३ येते. तेच चिन्ह आजच्या पायथनमध्ये ३.५ देते. बरे, पायथनचे पूर्णांक भागाकाराचे चिन्ह वापरावे, तर उणे ७ ला फोरट्रान उणे ३ म्हणते आणि पायथन उणे ४!

मी स्वतः फसलो तो तक्त्यात. तरुणपणी पावसाचा एक प्रोग्राम फोरट्रानमधून सी भाषेत आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात दोन ओळी व दोन रकान्यांचा तक्ता होता: आज पाऊस असेल तर उद्या कोरडे जाण्याची शक्यता किती, आज कोरडे असेल तर उद्या पावसाची किती. फोरट्रान तक्ता रकान्यारकान्याने साठवते, सी ओळीओळीने. मी आकडे जसेच्या तसे उचलले आणि त्या दोन शक्यतांची अदलाबदल झाली. प्रोग्राम सुरळीत चालला. चाचणीही घेतली होती. पण चाचणीच्या तक्त्यात नेमका त्या दोन्ही जागी एकच आकडा होता, मग फरक दिसणार कसा? तीन आठवडे चुकीचे तक्ते छापले गेले. अखेर संगणकाचा गंधही नसलेल्या एका वयस्क कारकुनांनी विचारले, "साहेब, मार्चमध्ये एवढा पाऊस?"

नवव्या शतकात बगदादचा ख्रिस्ती विद्वान हुनैन इब्न इसहाक गॅलेनचे वैद्यकग्रंथ भाषांतरित करण्यापूर्वी शक्य तितकी ग्रीक हस्तलिखिते जमवून ताडून पाहत असे. औषधाच्या ग्रंथात चूक राहिली तर भोगणार रोगी, हे उघडच आहे. आपणही जुना व नवा प्रोग्राम त्याच आकड्यांवर चालवून टप्प्याटप्प्याने उत्तरे ताडावीत. शेवटच्या दशांशस्थळी थोडा फरक पडतो, तो चालतो. मार्चमधला पाऊस चालत नाही.

हल्ली असे भाषांतर संगणकच क्षणात करून देतो. ते तपासणारा मात्र गणित समजलेला हवा. तेव्हा पालकहो, भाषा कोणतीही एक चालेल. गणिताची तासिका बुडू देऊ नका. आणि मुलांनो, चाचणीसाठी तक्ता घ्याल तेव्हा त्याच्या चारही घरांत निरनिराळे आकडे घाला.