मुदतीआधीची फेड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. परंतु मागच्या बैठकीत दोघीतिघींनी विचारले, "तुम्ही कर्ज मुदतीआधी कसे फेडले ते सांगा," म्हणून उभी राहिले आहे.

घरावरचे पत्रे बदलण्यासाठी मी गटातून ३०,००० रुपये बिनतारणी कर्ज घेतले होते. व्याज शेकडा २४, मुदत दोन वर्षे, महिन्याचा हप्ता १,५८६ रुपये. बारा हप्ते वेळेवर भरले. तेवढ्यात तूर विकून २५,००० रुपये हाती आले. सासूबाई म्हणाल्या, "देणे उशाशी ठेवून झोप लागत नाही, फेडून मोकळी हो." पण पुढे पेरणी होती, तिलाही पैसा हवा होता.

वसुलीला येणारे गृहस्थ म्हणाले, "राहिलेले बारा हप्ते एकदम भरा, म्हणजे झाले." म्हणजे १९,०३२ रुपये. मी नोटा मोजायलाही बसले होते. मग मनात आले, ज्या महिन्यांत त्यांचा पैसा माझ्याकडे राहणारच नाही, त्या महिन्यांचे व्याज मी का द्यावे?

सातवीत शिकलेले व्याजाचे गणित त्या रात्री कामी आले. पहिल्या महिन्यात ३०,००० वर व्याज ६००, आणि हप्त्यातले उरलेले ९८६ मुद्दलात गेले. पुढे मुद्दल कमी होईल तसे व्याज उतरत गेले. बाराव्या हप्त्यानंतर मुद्दल उरले १६,७७६ रुपये. म्हणजे मागितलेल्या रकमेत २,२५६ रुपये जास्तीचे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अर्धी मुदत सरली तरी अर्धे मुद्दल फिटले नव्हते, कारण आरंभीच्या हप्त्यांत व्याज अधिक जाते. म्हणून फेडायचेच असेल तर जितके लवकर तितका लाभ.

मग कर्जाचे कार्ड काढून वाचले. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या अशा कर्जावर मुदतीआधी फेडीबद्दल दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियम आहे. कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत असावे आणि कर्ज पूर्ण फिटल्याची नोंदही त्यावर व्हावी, असेही त्यात आहे. दुसऱ्या दिवशी परभणीस जाऊन कचेरीत लेखी हिशेब मागितला. आकडा माझाच निघाला. तो भरला, पावती घेतली, कार्डावर नोंद करून घेतली, मगच घरी आले. उरलेले आठ हजार पेरणीला राहिले.

भगिनींनो, सर्वच कर्जांना हा नियम लागू नाही. इतर वैयक्तिक कर्जाचा व्याजदर ठरीव असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल आकार लागू शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देण्याआधी सगळे आकार मांडलेले विवरणपत्र द्यावे लागते. ते मागून घ्या, वाचा, आणि वाचणारा आकार व द्यावा लागणारा आकार यांची तुलना करा. घरातला शेवटचा रुपया काढून किंवा दुसरीकडून नवे कर्ज काढून मात्र जुने फेडू नका. आजारपण आले तर पुन्हा तेच दार ठोठवावे लागते.

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. तेव्हा कागद सावकाराच्या पेटीत असे. आज तो आपल्याही हाती असतो. तो वाचावयास आणि न समजल्यास विचारावयास लाजू नये. एकटीला संकोच वाटला तर मंडळातल्या दोघींनी सोबत जावे. मी येईन.