दोघांची थैली



स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेला आलेल्या शास्त्रज्ञांचे आणि निधी देणाऱ्या संस्थांच्या अधिकाऱ्यांचे पुण्यात मनापासून स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था पाहावी, देणगीदारांची नावे विसरू नयेत आणि भाषण आटोपते घ्यावे, अशी आपल्याकडची रीत आहे. पहिल्या दोन गोष्टी समितीतल्या तरुण मंडळींनी उत्तम सांभाळल्या आहेत. तिसरीत मी थोडी सवलत घेणार आहे, कारण विषय पैशाचा आहे आणि माझा जन्म दुसऱ्यांच्या पैशाचे हिशेब तपासण्यात गेला. मी शास्त्रज्ञ नाही, सनदी लेखापाल आहे. प्रयोगशाळेत काय चालते ते मला फारसे कळत नाही. पैसे संपल्यावर तिथे काय काय थांबते, ते मात्र मी वर्षानुवर्षे जवळून पाहत आलो आहे.

दोन देशांनी मिळून संशोधन करायचे तर पैसा कुणाचा, हा प्रश्न या शहराला जुना आहे. १९५२ मध्ये इथे व्हायरस रिसर्च सेंटर उभे राहिले ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांच्या भागीदारीतून. पाचच वर्षांनी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसेही तापाने फणफणू लागली. क्यासनूर जंगलाच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या त्या रोगाचा विषाणू याच केंद्रातल्या मंडळींनी शोधला. आज त्या संस्थेला आपण एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणतो. कोविडच्या दिवसांत हे नाव घरोघरी पोचले, पण तिचा पाया भागीदारीत घातलेला आहे हे पुण्यातही थोड्यांनाच ठाऊक असते.

माझ्या पिढीला ‘पीएल-४८०’ ही अक्षरे रेशनच्या रांगेमुळे पाठ आहेत. १९५४ च्या त्या अमेरिकन कायद्याखाली आपल्याकडे गहू आला, आपण त्याची किंमत रुपयांत भरली आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साचत गेले. इतके साचले, की त्यांचे करायचे काय हाच एक प्रश्न होऊन बसला. त्यातला काही भाग इथल्या शास्त्रीय प्रकल्पांना मिळू लागला. पुढे फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी या साचलेल्या रुपयांपैकी भारत सरकारला १६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. एवढ्या रकमेचा धनादेश म्हणून त्याची गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. माझ्या व्यवसायातल्या माणसाला तो कागद एकदा हातात धरून बघावासा वाटला तर नवल नाही. उरलेल्या रुपयांतून १९८७ मध्ये भारत-अमेरिका निधी सुरू झाला, तो नव्वदच्या दशकाअखेरीस आटोपला, आणि २००० मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून विज्ञान-तंत्रज्ञानासाठी वेगळा मंच स्थापन केला.

या इतिहासाला एक कडवट पान आहे आणि पाहुण्यांसमोर ते झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्याचा मुंबईच्या बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, उपक्रम आणि दिल्लीच्या परिसरातला डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प, या दोन्हींत अमेरिकेचा पैसा होता. पक्ष्यांच्या कामात तर तो अमेरिकी लष्कराकडून आलेला होता. हे अभ्यास नेमके कुणाच्या उपयोगाचे, असा सवाल वर्तमानपत्रांतून आणि संसदेतून उठला. १९७५ मध्ये लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या संशोधनावर कडक अहवाल दिला आणि डासांचा प्रकल्प गुंडाळला गेला. त्या संशयात अतिरेक होता असे म्हणणारे शास्त्रज्ञ मला भेटले आहेत. असेल. पण थैली एकाच्या हातात असली की प्रश्नही तोच ठरवतो, आणि मग नमुने गोळा करणाऱ्याला आपण कशासाठी राबतो आहोत याचा पत्ता लागत नाही. ही भीती वेडगळ नव्हती. तिच्यातूनच आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती आणि बाकीच्या परवानग्या आल्या. त्यांचा जाच आज इथे बसलेले सगळे जाणतात, तेव्हा त्याबद्दल अधिक बोलत नाही.

भागीदारी नीट जमली की काय होते, ते मात्र मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. त्यासाठी इथून फार दूर जावे लागत नाही. शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक आपण छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीसाठी ओळखतो. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण रुग्णालय आहे. तान्ह्या मुलांना होणाऱ्या रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची भारतीय लस ज्या तीन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर तपासली गेली, त्यांतले एक हे. दुसरे दिल्ली, तिसरे वेल्लोर. एकूण ६,७९९ बाळे त्या चाचणीत होती.

या लसीची सुरुवात १९८० च्या दशकाच्या मध्याला दिल्लीच्या एम्समध्ये झाली. तिथल्या नवजात बालकांच्या कक्षात काही मुलांना रोटाव्हायरसचा संसर्ग झाला होता, पण ती आजारी पडली नव्हती. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा पुढे या मुलांना तीव्र जुलाबांपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. निसर्गानेच अर्धी लस करून ठेवली होती म्हणा ना. ११६ई असे त्या विषाणूचे नाव. १९८७ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात लसींसाठीचा संयुक्त कार्यक्रम ठरला आणि त्या छत्राखाली हा विषाणू अमेरिकेतल्या सीडीसी आणि एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थांच्या प्रयोगशाळांपर्यंत गेला. लस बनवायला हैदराबादची भारत बायोटेक पुढे आली आणि एका डॉलरला एक मात्रा देण्याचे तिने कबूल केले. जैवतंत्रज्ञान विभाग, गेट्स फाउंडेशन, पाथ, नॉर्वेची संशोधन परिषद, ब्रिटनचा विकास विभाग, अशा अनेकांनी त्यात आपापला वाटा घातला. शेवटच्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून निम्म्याहून थोडे अधिक संरक्षण मिळते असे त्यात दिसले. आकडा कानाला लहान वाटेल, पण ज्या देशात हा आजार हजारो बाळे नेत होता तिथे तो लहान नाही. २०१६ मध्ये लस सरकारी लसीकरणात आली.

आता लेखापालाच्या नजरेने या कथेकडे पाहा. विषाणू सापडल्यापासून लस सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तीस वर्षे गेली. आपली संशोधन अनुदाने बहुधा तीन वर्षांची असतात. म्हणजे हे काम तगले ते कुणा एका अनुदानावर तगले नाही. एक थैली रिकामी होताना दुसरी उघडत राहील याची काळजी घेणारी माणसे दोन्ही देशांत टिकून होती म्हणून तगले. भान स्वतः पुढे जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले, हा त्यातला भाग्याचा भाग. प्रत्येक प्रकल्पाला असे भाग्य मिळत नाही.

सर्वसाधारण प्रकल्पाचे काय होते? एकच प्रस्ताव इथल्या संस्थेकडे जातो आणि तिथल्या संस्थेकडेही. दोन समित्या, दोन निकष. तिकडे होकार आला तर इकडे नकार, इकडे आला तर तिकडे ‘पुढच्या वर्षी पाहू’. दोन्हीकडून होकार आला तरी दिनदर्शिका जुळत नाहीत. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला उघडते, अमेरिकी सरकारचे १ ऑक्टोबरला, फ्रान्सचे १ जानेवारीला. सामाईक विहिरीवर एका भावाची वीज दुपारी आणि दुसऱ्याची मध्यरात्री यावी, तशी गत. आपला हप्ता यायचा तर आधीच्या हप्त्याचे यूसी, म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, जायला हवे. यूसी द्यायचे तर खर्च झालेला हवा. आणि खर्च व्हायचा तर हप्ता वेळेवर आलेला हवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला आलेले फोन आठवले तर आजही घाम फुटतो. आणखी एक तक्रार करून घेतो. बऱ्याच द्विपक्षीय योजना फक्त जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च देतात. प्राध्यापकांना विमानाचे तिकीट मिळते, पण ज्या विद्यार्थिनीने परतल्यावर काम करायचे तिची फेलोशिप आणि रसायनांचे बिल कुणाच्याच यादीत नसते.

यावर तोडगा काढलेले देश आहेत. अमेरिका आणि इस्रायल यांनी १९७२ मध्ये दोघांनी सारखा वाटा घालून एक मूळ निधी बाजूला ठेवला. त्याच्या व्याजातून संयुक्त संशोधन चालते. गेल्या दशकात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: काही विषयांत प्रस्ताव एकदाच, अमेरिकेच्या एनएसएफ या विज्ञान प्रतिष्ठानात तपासला जातो, आणि तिथे निवड झाली की इस्रायली शास्त्रज्ञाचा पैसा या निधीचे द्विराष्ट्रीय प्रतिष्ठान देते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यातही एकाने तपासावे आणि दुसऱ्याने ते मान्य करावे अशी पद्धत आहे. आपल्याकडे भारत-फ्रान्स संशोधन केंद्र १९८७ पासून दिल्लीत आहे: एक कार्यालय, एक अर्ज, दोन्ही देशांतल्या शास्त्रज्ञांची एकत्र परिषद. जे चांगले चालले आहे त्याचे अनुकरण करण्यात आपण एवढे कंजूष का, हे मला खरेच उमगलेले नाही.

पैसा सीमा ओलांडत नाही, वस्तू ओलांडते, असाही एक प्रकार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी यंत्रणेचे मुख्य भाग अमेरिका देणार आणि जागा, इमारती, निर्वात नळ्या आपण उभारणार. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यातली एक भागीदार. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि २,६०० कोटींची अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडले. एवढ्या मोठ्या कामाला वेळ लागतो हे मान्य. तरी सात वर्षांत एक विद्यार्थी पीएचडी संपवून परदेशी स्थायिक होतो, हेही खरे.

दुसऱ्याच्या थैलीवर विसंबण्यात काय धोका आहे, ते मे २०२५ मध्ये पुन्हा दिसले. एनआयएचने अमेरिकी संस्थांमार्फत परदेशी भागीदारांकडे जाणारी उपअनुदाने नव्याने देणे थांबवले, नवी पद्धत येईपर्यंत. त्यांच्या पैशाचा हिशेब त्यांनी कसा ठेवावा हा त्यांचा अधिकार आहे. लेखापाल म्हणून मला त्यांची अडचणही कळते. पण ज्या प्रकल्पात आपला स्वतःचा रुपया नव्हता, त्याच्या बाजूने त्या दिवशी बोलायला आपल्याला तोंड नव्हते.

निधी देणाऱ्या संस्थांच्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे, की येत्या तीन दिवसांत नव्या योजनेचे नाव आणि बोधचिन्ह ठरले नाही तरी चालेल. संयुक्त प्रस्ताव एकदाच तपासला जाईल, त्याचा पैसा दोघांनी मिळून आधीच बाजूला ठेवलेला असेल आणि त्यात विद्यार्थ्याच्या फेलोशिपचा रकाना असेल, एवढ्या तीन ओळी समारोपाच्या ठरावात येऊ द्या. ठरावाचा मसुदा करायला कुणी हिशेबी माणूस लागला तर मी बाहेरच्या मंडपात सापडेन.